मान वळवत चालणे

आमच्या घरात मिक्सर लागत नाही. चटणी पाट्यावर.

माझ्या कामावर निळी फोमची गादी. तिच्यावर एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून.

विठ्ठलवाडीचा आमचा दूधवाला बेल वाजवत नाही. दार नखाने खरवडतो.

"डोकं आहे, अंडं नाही. चल, ऊठ."

दिवाळीत आई खिडक्यांना गोधड्या लावते.

हे सगळं एका माणसामुळे. आणि तो माणूस आत्ता माझ्यासमोर निळ्या गादीवर उभा आहे.

सुभेदार विश्राम. डोंगरात गाडी उलटली, डोकं आपटलं. असा हादरा बसलेले सैनिक ड्यूटीवर परत जायला तयार आहेत का, हे आम्ही वागळे इस्टेटच्या केंद्रात तपासतो. शिक्का लष्कराचे डॉक्टर मारतात. मारण्याआधी माझा अहवाल वाचतात.

माझा धाकटा भाऊ सिद्धेश याच्याच तुकडीत होता. घसरून पडला, डोक्याला मार लागला, ओकला. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर माणूस कामातून जातो. चौकीवर डॉक्टर नव्हता, ठरवायचं विश्रामने होतं. त्याने ते अंड्याचं वाक्य म्हटलं आणि सिद्धेशला गस्तीवर पाठवलं. सिद्धेश पुन्हा पडला. तेव्हापासून त्याला आवाज सोसत नाही, उजेड सोसत नाही.

माझं आडनाव आता सासरचं. विश्राम मला ओळखत नाही.

"डोकं दुखतं?"

"नाही मॅडम."

"उजेडाचा त्रास?"

"अजिबात नाही."

"झोप?"

"एकदम फर्स्ट क्लास. काल तर धावून आलेलो सकाळी."

सगळे हेच म्हणतात.

"मॅडम, ओके करून टाका ना. सुभेदार मेजर व्हायची वेळ आलीय. घरी बसून काय करू, बायकोबरोबर भाजी निवडू?"

"वाईट काम आहे का?"

"मला येत नाही ना."

तो हसला. मीही हसले. दात दाखवायला काय जातं.

एका पायावर उभं राहणं: जमलं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावणं: जमलं, ओठ पांढरे पडले तरी. उरली शेवटची चाचणी. सरळ रेषेत चालायचं आणि पावलागणिक मान वळवायची, उजवीकडे, डावीकडे. हिच्यात काही लपवता येत नाही.

ती मी त्या दिवशी घेतली नाही. म्हटलं, "सुभेदार साहेब, उद्या या."

संध्याकाळी घरी, माहेरी.

माझी आई भीमाबाई पाट्यापाशी बसली होती. "फिट लिही त्याला. जाऊ दे वर. पडू दे परत."

"आई, मरेल तो."

"मग? मी ढकलायला चाललेय का? स्वतःच्या तोंडानं मागतोय ना."

ती एक चाचणी मी गाळली असती तर कुणी विचारलं नसतं. अहवाल स्वच्छ दिसला असता. आई म्हणत होती तेच मी दिवसभर मनात घोळवत होते, फक्त मी ते इतकं सरळ बोलले नव्हते.

आतल्या अंधाऱ्या खोलीतून सिद्धेश म्हणाला, "नको."

त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघावी लागते. आम्ही पाहिली.

"परत गेला तर... अजून पोरांना पाठवेल."

आईने वरवंटा थांबवला.

"घरी बसव त्याला. बायकोसमोर. माझ्यासारखा."

"एवढ्यानं माझं भागत नाही," आई म्हणाली.

"माझं भागतं."

दुसऱ्या दिवशी मी बादली आधीच आणून ठेवली. विश्रामला वाटलं, फरशी पुसायची असेल.

"चाला. उजवीकडे बघा. डावीकडे. उजवीकडे."

चार पावलांत तो भिंतीला जाऊन लागला. मग बादली.

एकदा पुरतं. मी म्हटलं, "पुन्हा."

तो पुन्हा चालला. सैनिक आहे, हुकूम ऐकतो. या वेळी भिंतीपर्यंतही गेला नाही. खाली बसला, दोन्ही हातांनी फरशी धरून, जणू ती निसटून चाललीय.

"पुन्हा."

"ताई, नाही होत."

मॅडमची ताई झाली होती.

"लिहू नका हे. तुमच्या पाया पडतो."

"डोकं आहे," मी म्हटलं, "अंडं नाही."

त्याने मान वर केली. ते वाक्य त्याला नवीन वाटलं नाही, पण माझ्या तोंडी का आलं तेही कळलं नाही.

"सिद्धेश आठवतो? विठ्ठलवाडीचा. माझा भाऊ."

तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. "कुठला सिद्धेश?"

मार लागल्यामुळे आठवत नाही, की आधीही आठवत नव्हता? याची चाचणी आमच्याकडे नाही.

त्याच्यासमोरच लिहिलं: ड्यूटीस योग्य नाही. प्रत्येक अक्षर खरं. इतकं खरं लिहिताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"संपवलंत मला," तो म्हणाला.

"घरी पाठवलंय."

तो भिंत धरत धरत लिफ्टपर्यंत गेला. अशा वेळी आम्ही हात देतो. मी दारात उभी राहून बघत राहिले.

गस्तीच्या सकाळी विश्रामने सिद्धेशला विचारलं होतं, डोकं दुखतं का. सिद्धेश नाही म्हणाला होता.