खालच्या ओळीचा टीव्ही

माझ्या सासऱ्यांचे कान बॉयलरने नेले. एकतीस वर्षं ते कारखान्याच्या बॉयलरवर होते, आणि त्या काळात कानात बोळे घालणाऱ्या माणसाची चेष्टा व्हायची. निवृत्त झाले तेव्हा जोरात बोललेलं तरी कळायचं. पुढे तेही बंद झालं. कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून त्यांना माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त यायचा. यंत्र डबीत गेलं आणि डबी कपाटात.

याचा त्रास बाबांनी कुणाला होऊ दिला नाही. संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो की तेही आपल्या खुर्चीत येऊन बसायचे. मालिकेत काही गंमत झाली की आम्ही हसायचो आणि मग बाबा हसायचे. त्यातलं ते 'मग' माझ्या लक्षात यायला लग्नानंतर दोन वर्षं लागली. पडद्याकडे बघून ते हसतच नव्हते, आमच्या तोंडांकडे बघून हसत होते.

सासूबाईंना ते फार आधी कळलं असणार. त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म घालवला. औषधाच्या बाटलीवरच्या कागदापासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं, आणि त्या नजरेतून साधा अनुस्वारही सुटत नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या दोन चुका त्यांनी पत्रिका हातात घेताच दाखवल्या होत्या, त्याही अगदी प्रेमाने, जणू माझ्या खांद्यावरचा दोरा काढावा तशा.

जुना टीव्ही एका दुपारी बंद पडला तो पडलाच. नवऱ्याला तर तेच हवं होतं.

"आई, आता पासष्ट इंची घेऊ," तो म्हणाला. "भिंत भरून चित्र."

"भिंत भरायला कॅलेंडर पुरे," आई म्हणाल्या. "मला खालची ओळ वाचता येईल असा टीव्ही हवाय."

"कसली खालची ओळ?"

"माणसं बोलतात ते खाली लिहून येतं, ती. तुझ्या बाबांसाठी."

जुन्या टीव्हीवर एखाद्या चॅनलवर अशी ओळ यायची, पण अक्षरं एकमेकांत मिसळून मुंग्यांची रांग दिसायची. ती वाचता आली तर बाबांना काय मिळेल, हा विचार इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

दुकानात जायच्या आधी आईंनी बाबांच्या खुर्चीपासून भिंतीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि टेपने मोजली. आठ फूट दोन इंच. सुतळीची गुंडाळी पर्समध्ये टाकून त्या निघाल्या. बरोबर बाबा, नवरा आणि मी.

दुकानात एका भिंतीवर वीस-बावीस टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच चित्र: पोपट, धबधबा, कापलेली फळं. रंग असे की डोळे दिपावेत. नवरा सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर हरखून उभा राहिला. टाय लावलेला विक्रेता लगबगीने आला.

"रंग बघा काकू. पोपट कसा हाताला लागेल असा दिसतोय."

"पोपट छान आहे," आई म्हणाल्या, "पण तो काही माझ्या घरी येणार नाही. साध्या बातम्या लावता?"

विक्रेता घुटमळला. "बातम्या एवढ्या चांगल्या दिसत नाहीत, काकू. हे खास दाखवण्यासाठी बनवलेलं असतं."

"म्हणूनच लावा."

त्याने बातम्या लावल्या. आईंनी सुतळीचं टोक माझ्या हातात देऊन मला टीव्हीला चिकटून उभं केलं, स्वतः गाठीपर्यंत मागे गेल्या, तिथे दुकानातली एक खुर्ची ओढली आणि बाबांना खुणेने बसवलं. बाबा संकोचले. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. आईंनी पडद्याच्या तळाकडे बोट दाखवलं.

बाबांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात. "धरणातून पाणी सोडले. जुन्या पुलावरची वाहतूक बंद. भाजीपाल्याची आवक घटली." पलीकडे मिक्सर बघणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली. नवऱ्याने कानकोंडं होऊन मान खाली घातली. आई मात्र तशाच उभ्या, हातात सुतळी धरून, चेहऱ्यावर कामाच्या वेळचा भाव.

असे त्यांनी सहा टीव्ही तपासले. एकाला दाराजवळ नेऊन उजेडात लावायला सांगितलं, कारण आमच्या खोलीत संध्याकाळी खिडकीतून थेट ऊन येतं. त्या काचेत बाबांना स्वतःचंच तोंड दिसलं. तो बाद.

चौथ्या टीव्हीच्या वेळी विक्रेत्याने आपलं ठरलेलं बोलणं गुंडाळून ठेवलं. स्वतःहून त्याने पडद्याचा भडकपणा कमी केला आणि म्हणाला, "काकू, एक सांगू? एवढ्या अंतरावर पासष्ट घेऊ नका. काकांना चेहरे बघायचे आणि ओळही वाचायची, दोन्ही करायचंय. पडदा फार मोठा असला तर नजर सारखी वरखाली करावी लागेल. दमतील ते. पन्नास पुरे, आणि उजेडात न चमकणारी काच."

महागडा टीव्ही स्वतःच्या तोंडाने नको म्हणणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला. नवऱ्याचा चेहरा पडला. पन्नास इंची ठरला.

दोन दिवसांनी टीव्ही भिंतीवर लागला. चालू केला आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. जुन्या टीव्हीपेक्षाही खराब चित्र. माणसांची नाकं गालांत विरघळलेली.

"फसवलं आपल्याला," नवरा म्हणाला आणि फोन उचलायला गेला.

"थांब." आई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "टीव्हीचा दोष नाही हा. मूळ प्रतच खराब आहे. खराब प्रत मोठी करून छापली की डागही मोठे होतात."

त्यांचं बरोबर होतं. टीव्ही नवा, पण त्याला चित्र पुरवणारा खोका जुनाच, तीन रंगांच्या जुन्या वायरींचा. विक्रेत्यानेही फोनवर तेच सांगितलं: एचडी खोका हवा, एचडी चॅनल हवेत, आणि मधली वायरही त्या जातीची.

मग चॅनलची सेवा कुणाची घ्यायची याचा शोध सुरू झाला. आईंनी तीन कंपन्यांना फोन लावले. सगळीकडे तेच पाठ केलेलं उत्तर: तीनशे चॅनल, चारशे चॅनल, खेळ वेगळे, सिनेमे वेगळे. आई ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "खाली अक्षरं किती चॅनलवर येतात?"

पहिल्या ठिकाणी फोन ताटकळत ठेवून कापला. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, अशी माहिती आमच्याकडे नसते. तिसऱ्या ठिकाणची मुलगी म्हणाली, "मलाही माहीत नाही, मॅडम. पण काढून सांगते."

असं सगळेच म्हणतात, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"जेवणाच्या सुट्टीत एकेक चॅनल लावून बघितला," ती म्हणाली. "तीस सापडले. पण त्यातल्या चारांवर ओळ फार उशिरा येते, ते धरू नका. सव्वीस समजा. लिहून घेताय?"

आईंनी सव्वीसच्या सव्वीस लिहून घेतले, परत वाचून दाखवले, आणि म्हणाल्या, "बाळ, तू माझ्या छापखान्यात असायला हवी होतीस." आईंच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

"दुसरी कंपनी शंभर चॅनल जास्त देतेय," नवऱ्याने शेवटचा प्रयत्न केला.

"ते शंभर बघायला तुला वेळ आहे का?" आईंनी विचारलं. विषय संपला.

खोका बसवायला आलेला तंत्रज्ञ शांत स्वभावाचा होता. नव्या वायरीने चित्र लख्ख आलं, माणसांना नाकं परत मिळाली. पण खालची ओळ चालू केली तर अक्षरांचा वरचा भागच दिसायचा. नुसत्या शिरोरेखा आणि वेलांट्या, बाकी सगळं पडद्याच्या बाहेर. त्याने चित्राचा आकार बदलून ते आत आणलं आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

"अक्षरांना पांढरी कड दिसतेय," आई म्हणाल्या.

"काकू, इतकं कुणी बघत नाही."

"आमच्याकडे बघतात."

तो हसला, परत वाकला, टीव्हीच्या सेटिंगमधला कुठला तरी आकडा खाली खाली आणत गेला. कड नाहीशी झाली, अक्षरं कागदावर छापल्यासारखी बसली. चार पावलं मागे जाऊन त्याने स्वतःच पाहिलं. "खरंच बरं दिसतंय," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी हा आकडा आहे तिथेच सोडून देत होतो."

त्या संध्याकाळी आमची नेहमीची मालिका लागली. पहिली दहा मिनिटं बाबा हललेसुद्धा नाहीत. मग एकदम हसले, मोठ्याने. आम्ही तिघं चमकून त्यांच्याकडे बघायला लागलो, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या काकाने तो विनोद केला. ओळ बोलण्याच्या जराशी आधी येत होती. बाबा आमच्या आधी हसले होते.

जाहिराती लागल्यावर ते आईंकडे वळले. "ही निळ्या साडीतली त्याची बायको आहे?"

आईंनी मान डोलावली.

"चार वर्षं मी तिला त्याची बहीण समजत होतो," बाबा म्हणाले. "आणि तो म्हातारा वकील आहे होय? मला वाटलं, घरमालक. भाडं मागायला येतो."

नवरा हसत सुटला, मीही. आई हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले.

"मालिकेत काय झालं ते मी त्यांना थोडक्यात लिहून द्यायचे," त्या म्हणाल्या. "'भांडण झालं', 'लग्न ठरलं', एवढंच. त्यांना काय कळलंय हे एकदा विचारायला हवं होतं गं."

ज्या बाईने सुतळी घेऊन सारं दुकान पालथं घातलं, ती स्वतःची ही एवढीशी चूक शोधून दाखवत होती. मी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि म्हटलं, "आई, बाहेर चला. ते एकटेच पुढे निघून जातील."

बाहेर नवरा वहीत मोठ्या अक्षरांत लिहीत होता, 'मग तुमच्या मते काय काय झालं?' आणि बाबा सांगत होते. त्यांच्या गोष्टीत निळ्या साडीतल्या बहिणीने भावाला वाचवण्यासाठी घरमालकाशी उभा दावा मांडला होता, आजोबांचं आजारपण निव्वळ सोंग होतं, आणि ज्याला आम्ही खलनायक समजत होतो तो त्या घरातला एकमेव भला माणूस होता. मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा आईंनी नव्या खोक्याचा रिमोट उचलून चित्र थांबवलं, खुर्ची बाबांसमोर ओढली आणि म्हणाल्या, "पुढे?"

त्यांचे ओठ वाचून बाबांनी पुढे सांगायला सुरुवात केली.