सावनीची हजामत

सलूनवाल्या काकांच्या घरापुढे सावनीचं एकच झाड होतं, आणि दर रविवारी सकाळी त्याची हजामत व्हायची.

हजामत म्हणजे अगदी हजामत. काका आधी खोडावरून हात फिरवायचे. सावनीचं खोड मोठं गमतीचं असतं. जुनी साल आपली आपण गळून पडते आणि आतलं अंग असं गुळगुळीत निघतं, की नुकताच कुणी वस्तरा फिरवून गेलं असावं. हात फिरवला की वरची पानं थरथरल्यासारखी दिसतात. "बघ, गुदगुल्या होतात लेकाला," काका म्हणायचे. मग मान तिरकी करून एकदा डावीकडून बघायचं, एकदा उजवीकडून, की कात्री सुरू. जो कोंब चार भावंडांपेक्षा बोटभर वर आला, तो गेलाच म्हणून समजा. शेवटी झाड असं गोल, गुटगुटीत दिसायचं, जसं काही शाळेच्या फोटोला निघालंय. खालचा पाला काकू झाडून घ्यायच्या, पूर्वी दुकानातले केस झाडायच्या तसाच.

झाड आणलं होतं काकूंनी. रोपवाटिकेतून निघताना कुंडीला रंगाची चिठ्ठी होती, ती वाटेत कुठे पडली देव जाणे. परत जाऊन विचारलं तर रोपवाला म्हणाला, "पांढरी असेल, गुलाबी असेल, जांभळीही असेल. फुलली की कळेल."

फुलली की! कोपऱ्यावरच्या बँकेपुढे सावनीची रांग होती. ऊन तापलं की ती झाडं तुऱ्यांनी वाकून जायची. इकडे काकूंचं झाड मात्र वर्षानुवर्षं हिरवा चेंडू. काकूंनी खत घातलं, पाणी वाढवलं, मग कुणी सांगितलं म्हणून पाणी तोडलं. देवापुढे हात जोडले की त्या एक शब्द झाडासाठीही टाकायच्या. मोठं मागणं नव्हतंच. रंग तेवढा कळू दे, बाबा.

"वहिनी, पांढरीच निघणार," शेजारच्या शिवणवाल्या बाई कुंपणावरून म्हणायच्या. "लाल असती तर एव्हाना मिरवली नसती का?"

"आणि जांभळी निघाली तर?"

"तर तुमचं एक पोलकं फुकट शिवून देईन. घ्या!"

आता, काका झाडाच्या इतके मागे का लागले होते, तेही ऐका. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी दुकान विकलं. आणि मग हा माणूस खुर्चीत जो बसला, तो भिंतीकडे तोंड करून. विचारलं तर "हं", वाढलं तर जेवले. न्हाव्याची दाढी वाढलेली कुणी बघितली आहे का? काकूंनी ती बघितली. मग एका रविवारी सावनीचा एक वाकडा कोंब काकांच्या डोळ्यांत खुपला. ते उठले, कात्री शोधली, कोंब कापला, शेजारचा कापला. त्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन दाढी केली. तेव्हापासून काकू त्या झाडाला मनोमन हात जोडायच्या. गिऱ्हाईक एकच उरलं होतं, पण त्यानं माणूस उभा केला होता.

या वर्षी काकांची कंबर धरली आणि ते बरेच दिवस अंथरुणाला खिळले. झाडाला रान मोकळं मिळालं. खिडकीतून बघून ते कळवळायचे. "काय अवतार झालाय बघ! जटा नुसत्या. लोक म्हणतील, न्हाव्याच्या दारात गोसावी उभा आहे."

कंबर सुटली त्या रविवारी त्यांनी सगळी कसर भरून काढली. पाला पडला तो टोपलीभर. काकू केरसुणी घेऊन वाकल्या आणि थांबल्या. कोंबांच्या टोकांना हिरवे मणी होते, टपोरे, घोसाघोसाने लगडलेले. असलं काही त्यांनी त्या पाल्यात कधी बघितलं नव्हतं. एक मणी नखाने दाबला. फुटेना. त्यांनी सगळ्यात मोठे चार-पाच पदरात टाकले आणि शेजारी गेल्या.

"बघा हो जरा. हे फळ म्हणायचं की काय?"

शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला, मण्याला सुईचं टोक लावलं. हिरवं कवच उकललं. आत काहीतरी दडपून भरलेलं होतं. बाईंनी ते सुईनेच हळूहळू बाहेर ओढलं, तर ते उलगडतच गेलं. एवढ्याशा मण्यात एवढं कापड! झिरझिरीत, चुण्या-चुण्यांचं, न इस्त्री केलेलं. आणि रंग? गडद गुलाबी, डाळिंबाच्या दाण्याचा.

"अगं बाई," बाई म्हणाल्या, "क्रेप आहे हो हे, अस्सल! इतकं चुरगळून भरलंय, तरी फाटलं नाही कुठे. त्या वरच्या शिंप्यापुढे माझं दुकान बंद."

दोघी लहान मुलींसारख्या एकमेकींकडे बघून हसल्या. दुसरा मणी उघडला, तिसरा उघडला. प्रत्येकात तोच खजिना. मग बाईंनी विचारलं, "पण हे सापडलं कुठे?"

"पाल्यात. आज यांनी कापलेल्या..."

काकूंचं वाक्य तिथेच राहिलं. फूल येतं ते नव्या कोंबाच्या टोकाला, आणि टोक राहतंच कुठे? देव देतो नि कर्म नेतं म्हणतात. इथे देव दर आठवड्याला देत होता आणि दर रविवारी कात्री नेत होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाई हसायला लागल्या, आणि काकूंचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "सांगून टाका ना भाऊजींना. त्यात काय एवढं?"

"सांगू, आणि कात्री ठेवून परत भिंतीकडे तोंड करून बसले म्हणजे?"

"मग राहू दे चेंडू. रंग तर कळला ना तुम्हाला."

कळला होता खरा. पण सुईने उकरून काढलेला रंग तो. रात्री तो डोळ्यांपुढून हलेना, आणि खुर्चीत बसलेली ती पाठही हलेना. आठवडाभर काकू सांगायला म्हणून काकांजवळ जायच्या आणि चहाचा कप ठेवून परत यायच्या.

पुढच्या रविवारी काका कात्रीला तेल देत होते. काकूंनी ओल्या फडक्यात जपून ठेवलेला शेवटचा मणी त्यांच्या समोर उकलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय गं?"

"आपल्या झाडाचं फूल. मागच्या रविवारच्या पाल्यातलं."

काकांनी तो हात खिडकीच्या उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मीच."

"अहो, तुम्हाला काय ठाऊक होतं? मला तरी कुठे..."

"गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कधी कात्री लावली नाही मी. पोर असो की म्हातारा. याला मात्र एकदाही विचारलं नाही." त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

भिंतीकडे तोंड करूनच.

सोमवारी दाढी नाही. मंगळवारी नाही. काकूंनी स्वतःच्या जिभेला लाख शिव्या घातल्या. एक फूल ते काय, त्यासाठी घरातला माणूस घालवला! तिसऱ्या दिवशी त्या देवासमोर बसल्या, पण मागावं काय तेच सुचेना. झाडासाठी मागावं तर नवऱ्याचं काय, आणि नवऱ्यासाठी मागावं तर... तशाच उठून चहा घेऊन बाहेर आल्या, तर खुर्ची रिकामी.

काका झाडापाशी उभे होते. हात मागे बांधलेले, नाक कोंबाला टेकलेलं.

"मणी आहेत का?" काकूंनी भीतभीत विचारलं.

"हळू बोल. आत्ताशी कुठे टोकं फुटतायत." आणि मग, मागे न बघताच, "कोंब आधी लांबतो, मग मणी धरतो. की दोन्ही बरोबर? तुझ्या त्या पाल्यात कसं होतं?"

"मी कुठे एवढं बघितलं?"

"बघायला नको?"

त्यानंतर काका रोज उठल्याबरोबर झाडाकडे. झाड सगळीकडून सुटलं, वाटेल तसं वाढलं. शिवणवाल्या बाईंनी कुंपणावरून टोमणा मारलाच, "भाऊजी, गिऱ्हाईक नाराज होऊन हिप्पी झालं वाटतं?" काका म्हणाले, "तुम्ही पोलक्याचं कापड आणून ठेवा." "का, जांभळं थोडंच निघणार आहे?" "न का निघेना. एवढे दिवस पांढरं पांढरं म्हणत होतात, त्याचा दंड!"

आणि एका सकाळी काकू कणीक मळत असताना बाहेरून हाक आली. "अगं, ये! हात राहू दे तसेच, ये!"

वरच्या फांदीवर एकच मणी उकलला होता. पाकळ्या चुरगळलेल्याच, डाळिंबी, वाऱ्यावर थरथरणाऱ्या. सुईविना, कुणाच्या नखाविना, आपण होऊन. कणकीचे हात तसेच जोडले गेले.

काकांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून डोळा फुलाला लावला होता. "हे बघितलंस? मधे पिवळे केस आहेत, आखूड, एकसारखे. आणि त्यांच्या बाहेर सहा लांब, मिशांसारखे वळलेले. सहाच का लांब ठेवले असतील त्याने? बाकीचे कसे बेतात कापलेत बघ."

"त्यालाच विचारा."

"विचारतो की," काका म्हणाले, आणि दुसरा मणी कधी उकलतो ते बघायला खुर्ची बाहेर घेऊन आले.