प्राण्यांची आवड

“प्राण्यांची आवड आहे का, असं विचारलंय,” मोबाइलवरची नजर न काढता लेक म्हणाली. “हो म्हणते.”

“कुणाला? मला?” ताई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या. “अगं, कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलते! कसला अर्ज आहे हा?”

“दवाखान्याचाच आहे. आणि आई, अर्जात रस्ता बदलता येत नाही. हो किंवा नाही, दोनच चौकोन आहेत.” असं म्हणत लेकीनं ‘हो’वर बोट टेकवलंसुद्धा.

सोफ्यावर पाय पसरून बसलेले ताईंचे यजमान खो खो हसले. त्यांचं काम नळदुरुस्तीचं. “मी जन्मात एक अर्ज केला नाही,” ते म्हणाले. “दार वाजवलं, नळ बघितला, काम मिळालं. तोंड दाखवल्याशिवाय कुणी नोकरी देतं का?”

“बाबा, हल्ली तोंड शेवटी बघतात. आधी अर्ज बघतात.”

“म्हणूनच सगळीकडे गळतंय!”

खरं तर ताईंना पूर्वी यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. तरुणपणी दात दुखतो म्हणून त्या एका डॉक्टरांकडे गेल्या, तर तिथे फोन वाजत होता आणि उचलायला कुणी नव्हतं. सुजलेल्या गालानंच त्यांनी तो उचलला, आणि मग वर्षानुवर्षं तेच करत राहिल्या. पेशंट त्यांना ताई म्हणत. हळूहळू घरचेही म्हणायला लागले. पुढे डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. एके दिवशी त्यांनी आपणहून दवाखान्याला कुलूप लावलं, ताईंना दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “माणसं मला घाबरायची हो. यायची ती तुमच्या भरवशावर.”

पन्नाशी उलटलेल्या ताई घरी बसल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले झाडून सगळे डबे घासले. दुसऱ्या आठवड्यात यजमानांची हत्यारांची पेटी आवरली. तेव्हा मात्र यजमान घाबरले. “हिला नोकरी लागलीच पाहिजे,” ते लेकीला म्हणाले. “माझा पाना सापडत नाहीये.”

पगार हवा होताच. नळाच्या कामाचा काही नेम नसतो. पण ताईंची अडचण निराळी होती. दातांच्या दवाखान्यात हौसेनं कुणी येत नाही. गाल धरून, भेदरून आलेलं माणूस त्यांच्याशी चार शब्द बोलायचं आणि मग आत जायचं. ते चार शब्द आता बोलायचे कुणाशी?

मग घरात तह झाला. सकाळी लेकीचं ऐकायचं, दुपारी यजमानांचं.

ऑनलाइन अर्जाला पहिल्याच दिवशी उत्तर आलं. ‘आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद.’ ताई हरखून गेल्या. त्यांनी लगेच उलट लिहिलं, ‘तुमचेही आभार. जमेल तसं कळवा. घाई नाही.’

“आई! ते मशीन आहे, माणूस नाही!”

“असू दे की. त्यानं आधी धन्यवाद म्हटलंय.”

मशीन पुढे काही बोललं नाही. आणखी बऱ्याच मशिनांनी धन्यवाद म्हटलं आणि तीही गप्प झाली.

दुपारच्या फेऱ्यांची कथा वेगळी. ताई इस्त्रीची साडी नेसून जात आणि फाटकावरच अडत. “ऑनलाइन भरा, मॅडम,” वॉचमन म्हणत. डोळ्यांच्या एका मोठ्या इस्पितळातला वॉचमन बोलता बोलता गाल चोळत होता. ताईंनी त्याला तोंड उघडायला लावलं, कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायला सांगितली आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायचं वचन घेतलं. “नोकरी मिळाली नाही,” घरी येऊन त्या म्हणाल्या, “पण पेशंट मिळाला.” हसल्या खऱ्या, साडीची घडी मात्र दोनदा मोडून पुन्हा घातली.

शेवटी यजमानांनीच बातमी आणली. एका दवाखान्यात नळ बदलायला गेले होते. तिथे काचेवर कागद होता: ‘पुढच्या टेबलावर फोन घ्यायला माणूस हवं. आत येऊन भेटा.’

“बघ, आत येऊन भेटा!” ते लेकीकडे पाहत म्हणाले. स्कूटरवरून त्यांनी ताईंना दारात सोडलं आणि जरा जास्तच घाईनं निघून गेले.

ताई आत शिरल्या, आणि एक भलंमोठं तपकिरी कुत्रं उठून त्यांच्या चपला हुंगायला लागलं. बाकावर एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती. कोपऱ्यात पोपट होता. यजमान का पळाले, ते ताईंच्या लक्षात आलं. पर्स छातीशी धरून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

आतून तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हातात इंजेक्शन, खांद्यावर मांजराचे केस चिकटलेले, आणि टेबलावरचा फोन वाजतच होता. ताईंचं नाव ऐकून त्यांनी संगणकात पाहिलं. “अहो, तुमचा अर्ज आलाय की! ‘प्राण्यांची मनापासून आवड.’”

कुत्र्यानं ताईंच्या पदराला नाक पुसलं.

“ते लेकीनं लिहिलंय,” ताई डोळे मिटून म्हणाल्या. “मला भयंकर भीती वाटते. आणि हा माणसांचा दवाखाना नाही, हे मला यजमानांनी सांगितलं नाही.”

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की पोपटही ओरडला. “खरं बोललात ते बरं झालं. पण मग इथं जमायचं कसं?”

“नाहीच जमायचं,” ताई म्हणाल्या. “तेवढं कुत्रं धरा. मी निघते.”

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. हातात साखळी होती. पुढे कुत्रं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. “फार थकला होता, आजोबा,” त्या हळूच म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागल्या. फोन पुन्हा वाजायला लागला.

ताईंनी आधी फोन उचलला. “जरा वेळानं करता का? आत्ता इथं एक काम आहे.” मग पाण्याचा ग्लास घेऊन त्या आजोबांशेजारी बसल्या. “नाव काय त्याचं?”

“साहेब.”

“साहेब?”

“आयुष्यभर कचेरीत साहेबांचं ऐकलं. म्हटलं, आता आपलं ऐकणारा एक साहेब पाळू.” आजोबांनी साखळी मांडीवर गोळा केली. “तर हाही ऐकायचा नाही. मीच ऐकायचो.”

ताई हसल्या. आजोबाही हसले, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. ताईंनी समजूत घातली नाही. नुसतं विचारलं, “लहानपणी कसा होता?” आजोबा सांगत राहिले. तपकिरी कुत्रं ताईंच्या पायांवर केव्हा बसलं, ते त्यांना कळलं नाही.

जाताना आजोबा म्हणाले, “त्याची गोधडी आणून देतो उद्या. दुसऱ्या कुणाला होईल. तुम्ही असाल ना?”

ताईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

“असतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरात जुंपली. “माझा अर्ज होता म्हणून!” लेक म्हणाली. “मी कागद बघितला म्हणून!” यजमान म्हणाले. ताईंनी दोघांनाही फसवणुकीबद्दल भांडी घासायला लावली.

दुसऱ्या दिवशी ताई टेबलामागे बसल्या होत्या, पाय खुर्चीवर वर घेऊन. दुपारी आजोबा आले. काखेत धुऊन घडी केलेली गोधडी होती. आत आल्यावर त्यांनी दार सोडलं नाही. एका हातानं उघडं धरून, खाली पाहत, कुणीतरी आत येण्याची वाट बघावी तसे ते उभे राहिले. क्षणभरानं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ओशाळून ताईंकडे पाहिलं.

ताईंनी पाय खाली सोडले, पुढे होऊन दुसऱ्या बाजूनं दार धरलं, आणि ते सावरेपर्यंत तसंच उघडं ठेवलं.