न उघडलेली यादी

पाणीपुरवठा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत रिपोर्टताई बसायची. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. कोणत्या टाकीत किती पाणी, कोणती मोटर किती तास चालली, कोणाची तक्रार किती दिवस पडून आहे, हे सगळं कंपनीच्या संगणकात साठलेलं असे. त्यातून हवी ती माहिती रिपोर्टच्या रूपात बाहेर काढायचं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्याची ॲडमिन ती एकटी होती.

अकरा वर्षांत त्या सॉफ्टवेअरचा पार उकिरडा झाला होता. ज्याला वाटेल तो नवा रिपोर्ट बनवायचा आणि जुना काढून टाकायचं कोणाच्या मनातही यायचं नाही. एकूण अकराशे चाळीस रिपोर्ट होते आणि नावं अशी, की वाचून हसावं की रडावं कळू नये. ‘यादी अंतिम’, ‘यादी अंतिम खरी’, ‘अंतिम यादी नवी २’, ‘हीच वापरा’. कोणाला काही सापडलं नाही की बोट मात्र ताईकडे. ॲडमिनला जरा अधिकार द्या, कचरा तरी काढता येईल, असं ती सॉफ्टवेअरच्या कंपनीला पाच वर्षं लिहून लिहून थकली होती, आणि दरवेळी तिच्या मागणीला वाटाण्याच्या अक्षता लागल्या होत्या.

म्हणून नवी आवृत्ती आली तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. दोन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण तिने वहीत लिहून घेतलं. आता प्रत्येक रिपोर्टला एक मालक असणार होता आणि मालकाच्या संमतीशिवाय कोणी त्याला हात लावू शकणार नव्हतं. शिवाय नव्वद दिवसांत एकदाही न उघडलेले रिपोर्ट सॉफ्टवेअर स्वतः शोधून देणार, ॲडमिनने खूण केली की ते कुलूपबंद होणार. सोमवारी सकाळी तिने ती यादी काढली. सहाशे बारा रिपोर्ट निघाले. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, एकाही नावापाशी अडखळावंसं वाटलं नाही, आणि एकदम सगळ्यांवर खूण करून टाकली. साहेब खोलीपर्यंत येऊन शाबासकी देऊन गेले. पुढच्या सोमवारच्या बैठकीत हा आकडा दाखवायचा, असं ते जाताना म्हणाले.

गुरुवारी सकाळी नऊच्या आत बंदकाका जिना चढून वर आले. तळमजल्यावर पाणी बंद ठेवण्याचं वेळापत्रक सांभाळणारे हे काका निवृत्तीला आले होते, आणि नळ दुरुस्तीसाठी कुठलाही भाग बंद ठेवायचा झाला की त्याचा हुकूम त्यांच्या टेबलावरून जाई, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. ते वर कधी येत नसत. त्यांचे गुडघे दुखायचे. दारात उभं राहून त्यांनी आधी श्वास घेतला आणि मग विचारलं, की त्यांचा कागद का आला नाही.

कोणता कागद, हे ताईला कळेना. काका सांगू लागले. ज्या दिवशी पाणी बंद असेल त्याच्या आदल्या सकाळी त्यांच्या प्रिंटरमधून आपोआप एक कागद येतो. त्या भागात ज्या घरांत रुग्णाचं रक्त शुद्ध करायचं यंत्र आहे, त्यांचे पत्ते आणि फोन त्यावर असतात. त्या यंत्राला चार-चार तास नळाचं पाणी सलग लागतं. काका त्या घरांना आदल्या दिवशी फोन करतात, म्हणजे ती माणसं वेळ मागेपुढे करून घेतात. ज्या दिवशी कागद येत नाही त्या दिवशी असं घरच नाही, असं काका धरून चालत. काल कागद आला नाही म्हणून ते निश्चिंत होते. आज सकाळी दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम सही घ्यायला आला आणि सहज विचारून गेला, तुमचे फोन झाले ना. तेव्हा काकांनी भागाचं नाव नीट वाचलं. त्या भागातल्या चार घरांना त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच फोन केले होते.

“पाणी किती वाजता बंद होणार?” ताईने विचारलं.

“अकराला.”

तिने कुलूपबंद रिपोर्टांमध्ये काकांच्या प्रिंटरचा क्रमांक शोधला. ‘अंतिम यादी नवी २’. तो रिपोर्ट ठरल्या वेळी आपला आपण छापला जायचा, पडद्यावर तो कोणी कधी उघडलाच नव्हता, आणि नव्या सॉफ्टवेअरच्या हिशेबी उघडणं म्हणजे पडद्यावर उघडणं. छापलेला कागद हातात घेऊन एक माणूस वर्षानुवर्षं फोन करतो आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि तिच्याही नव्हतं, हे तिला जास्त लागलं.

तिने ‘परत आणा’वर दाबलं. मालकाची संमती लागेल, असं पडद्यावर आलं. मालक कोण, तर मोठ्या बाई. ताईच्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या मोठ्या बाई सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, त्यांचं खातं त्याच दिवशी बंद झालं होतं. पण रिपोर्ट मुळात त्यांनी बनवलेला, म्हणून सॉफ्टवेअरने मालकी परस्पर त्यांच्या गळ्यात घातली होती. ताईने मालकी स्वतःकडे घ्यायचा प्रयत्न केला. विनंती मालकाकडे पाठवली आहे, असं उत्तर आलं. म्हणजे सहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या पत्त्यावर. तिने कुलूप नुसतं उघडून आतला मजकूर तरी वाचता येतो का पाहिलं. त्यालाही मालकच हवा होता. ॲडमिनला अधिकार द्या म्हणून पाच वर्षं घसा कोरडा केला, आणि आता मिळालेला अधिकार एवढाच, की स्वतः लावलेल्या कुलपाकडे बघत बसायचं.

तिने सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. हे सगळं सुरक्षिततेसाठी आहे, असं तिने दोनदा सांगितलं. मग तक्रार नोंदवताना विचारलं, की या अडचणीमुळे किती वापरकर्ते अडले आहेत.

“एक,” ताई म्हणाली. खोटं बोलायला हवं होतं, हे तिच्या लक्षात आलं तोवर पलीकडे नोंद झाली होती. एक वापरकर्ता असेल तर तक्रार साधी धरतात, पाच कामाचे दिवस लागतील. ताईने यंत्राचं सांगितलं, रुग्णांचं सांगितलं. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेरा म्हणून लिहून ठेवते, असं सांगितलं. साहेबांचा फोन बंद होता. ते बाहेर कुठल्याशा परिषदेला गेले होते.

काका खुर्चीत बसून गुडघा चोळत होते. त्यांनी खिशातून दोन महिन्यांपूर्वीचा, घडी घालून मऊ झालेला कागद काढला. चार घरं त्यात होती. पण मधल्या काळात एखादं वाढलं असेल तर, हे दोघांच्याही मनात आलं. काकांनी तिच्याच टेबलावरून त्या चार घरांना फोन लावायला घेतले. ताईने मोबाइलवरून मोठ्या बाईंना फोन केला.

बाई भाजी निवडत होत्या. हकीगत ऐकून त्यांनी विचारलं, की खूण करण्यापूर्वी एकेक रिपोर्ट उघडून पाहिला नव्हतास का. सहाशे बारा होते, असं ताई म्हणाली. मग त्यांनी भाजी बाजूला सारली असावी, कारण आवाज एकदम कामाचा झाला. नव्या नळजोडणीच्या अर्जात शेवटून दुसरा रकाना आहे, त्याला नाव नाही, त्यात सात हा आकडा असेल तर त्या घरात यंत्र आहे. एवढंच त्या रिपोर्टच्या पोटात होतं.

ताईने तेवढ्यावर नवा रिपोर्ट लिहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पाच घरं आली. चार काकांच्या कागदावरची. पाचवं पाच आठवड्यांपूर्वी वाढलेलं.

चारही घरांशी काकांचं बोलणं झालं होतं. दोघांचा आजचा दिवसच नव्हता, उरलेल्या दोघांनी संध्याकाळवर ढकललं. पाचव्या घराचा फोन वाजत राहिला. काकांनी चार वेळा लावला. मग मुकादमाला फोन करून थोडं थांबायला सांगितलं. मुकादम म्हणाला, रस्ता खणून झालाय, पाइपला चीर मोठी आहे, फार तर अर्धा तास थांबतो, त्यापुढे माझ्या हातात नाही.

कंपनीची जीप घेऊन दोघं निघाले. रस्त्यात काका एकदाच बोलले. त्यांनी विचारलं, “माझा कागद कोणाच्या कामाचा नाही, असं कोणी ठरवलं?”

“मीच,” ताई म्हणाली.

काकांनी मान हलवली आणि पुढे बघत बसले.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार एका बाईंनी उघडलं. आतल्या खोलीत खिडकीजवळ आरामखुर्चीत त्यांचे यजमान झोपले होते, हातातून दोन नळ्या यंत्राकडे गेल्या होत्या आणि यंत्र संथ घुरघुरत होतं. त्यांची झोप मोडू नये म्हणून फोनचा आवाज बंद केला होता. काकांनी पाणी बंद होणार असल्याचं सांगितलं. किती वेळात, असं बाईंनी विचारलं. आता सव्वाअकरा, म्हणजे पंधरा मिनिटांत.

त्या घाबरल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, यजमानांना हलकेच जागं केलं, म्हणाल्या, अहो, आज आवरतं घ्यायचंय. मग यंत्रावरची बटणं एकामागून एक दाबत त्यांनी नळ्यांमधलं रक्त हळूहळू परत अंगात जाऊ दिलं. ताई आणि काका भिंतीला लागून उभे होते. मदत करण्यासारखं काही नव्हतं. नळ्या निघाल्या, हातावर पट्टी बसली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या नळाने आधी खाकरल्यासारखं केलं आणि मग धार बारीक होत होत थांबली.

बाई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आल्या. तिथे त्यांनी दार मागे ओढून घेतलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

“अर्ज भरताना तुमच्या माणसाने सांगितलं होतं, आदल्या दिवशी फोन येईल. काल आला असता तर आम्ही पहाटे पाचला सुरू केलं असतं. आता निम्मं राहिलं. उद्या त्यांना परत सुया टोचायच्या. त्या हाताला आता जागा उरलेली नाही.”

सॉफ्टवेअर, मालक, संमती, यातलं काहीही त्या जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. चूक माझी आहे, एवढं ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बरं म्हटलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाडी चालवायला शिकवायचा. ऐकून घेऊन म्हणाला, माझ्या गाडीत शिकणारा कसाही असला तरी एक ब्रेक माझ्या पायाशी असतो, तुला त्यांनी नुसतीच शिकवणाऱ्याची पाटी दिलेली दिसते. एरवी ती हसली असती. त्या दिवशी ताटावरून तशीच उठली.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी मोठ्या पडद्यावर सहाशे बाराचा आकडा दाखवला आणि टाळ्या पडल्या. ताई उभी राहिली. तिने घडलेलं सांगितलं, आपली चूक आधी सांगितली, आणि न उघडलेले रिपोर्ट शोधून कुलूपबंद करायची ही सोय बंद करायची परवानगी मागितली. साहेबांचा चेहरा पडला. एका घराची गोष्ट आहे, आणि तेही सुखरूप आहेत ना, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

“साहेब, सहाशे बारातला एक कोणीतरी वापरत होतं, हे आता मला माहीत आहे. बाकी सहाशे अकरांचं मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?”

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि हे सगळं ईमेलवर सविस्तर पाठवा, मग बघू, असं म्हणाले. तिने त्याच दुपारी पाठवलं. उत्तर आलं नाही.

मग तिने परवानगीची वाट पाहणं सोडलं. त्या सोयीसमोरची खूण तिने स्वतःच काढली, आणि छापील यादी घेऊन मजल्यामजल्यावर फिरू लागली. प्रत्येक प्रिंटरपाशी उभी राहून विचारायची, इथे आपोआप काय छापून येतं, ते कोण उचलतं. लोक वैतागायचे. कोणी म्हणायचं, तुमच्या संगणकाला विचारा की. नऊ दिवसांत तिला आणखी चौदा रिपोर्ट असे सापडले, की ज्यांच्या कागदाची कोणीतरी वाट बघत होतं आणि येत नाही म्हणून मूग गिळून बसलं होतं. त्यातला एक पाण्यात औषध किती घालायचं, याचा होता. तो उचलणाऱ्या बाईंनी गेले काही दिवस मागचाच आकडा पुढे चालवला होता. प्रत्येकाची मालकी सोडवायला वेगळी तक्रार, वेगळा क्रमांक, वेगळी गोड बोलणारी मुलगी. काकांच्या रिपोर्टचं कुलूप सातव्या दिवशी निघालं आणि सोबत शेरा आला: प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. तो शेरा तिने चारदा वाचला. राग येऊन डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून तिने पुढची तक्रार लिहायला घेतली.

महिन्याभराने तोच भाग पुन्हा बंद राहणार होता. आदल्या सकाळी काकांचा कागद वेळेवर आला. त्यांनी चार घरांना फोन केले आणि पाचव्याच्या वेळी वर ताईला फोन करून विचारलं, हा तू करतेस का. तिने केला. दुसऱ्या घंटेला बाईंनी उचलला. ताईने कोण बोलतंय ते सांगितलं, उद्या दुपारी दोनपासून पाणी बंद राहील हेही सांगितलं.

“नक्की दोन ना?” बाईंनी विचारलं.

ताईने हो म्हटलं. फोन ठेवला, आणि दोन नक्की ना, हे मुकादमाला स्वतः विचारायला जिना उतरू लागली.