चौथ्या मजल्यावरची खाट

ह्यांची दाढी मी करायलाच नको होती. तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

सकाळी अकराला मेट्रनबाई येणार होत्या, ह्यांना तपासायला. आमच्या ज्येष्ठांच्या संकुलात खालचे तीन मजले स्वतःचं स्वतः करणाऱ्यांचे. चौथा ज्यांना आता काही कळत नाही त्यांचा. तिथे दाराला कुलूप आणि चोवीस तास नर्स. वर जागा हवी तर मेट्रनबाईंच्या प्रश्नांत नापास व्हावं लागतं. बऱ्याच दिवसांनी तिथे एक खाट रिकामी झाली होती, आणि ती ह्यांना मिळाली नाही तर माझं काही खरं नव्हतं. दोन वर्षं हे मला ओळखत नाहीत. रात्र रात्र घरभर फिरतात, आणि त्यांच्यामागे मी. गेल्या महिन्यात परकी बाई समजून मला ढकललं, तर मनगट मोडलं. लेकाला आणि इथल्या ऑफिसात सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. नवऱ्याचं नाव कसं सांगणार?

पण घरी कुणी येणार म्हटल्यावर माझे हात कुठले स्वस्थ बसायला! ओल्या चादरी उचलल्या. नळांवर 'गरम', 'गार' अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या काढल्या. गॅसची बटणं रोज काढून लपवते, ती परत बसवली. ह्यांना अंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. चाळीस वर्षं दारोदार शिलाई मशीन विकलेला माणूस, चुरगळलेल्या कपड्यांत कधी बाहेर पडला नाही. त्यांना गबाळं दाखवायचं माझ्याच्यानं होईना. ह्यात माझी स्वतःची अंघोळ राहिली. बेल वाजली तेव्हा मी कालच्याच गाऊनमध्ये, बटणं खालीवर.

दारात परकं माणूस दिसलं आणि ह्यांच्यातला विक्रेता जागा झाला.

"या, या. केवढ्या उन्हातून आलात." खुर्चीसुद्धा ओढून दिली. दोन वर्षांत धड एक वाक्य ऐकलं नव्हतं मी. बघतच राहिले.

"काका, आज वार कोणता?"

टेबलावर मीच वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं होतं. हळूच तिकडे पाहून ह्यांनी वार, तारीख, सगळं सांगितलं. मग बाईंनी टोपी, चावी, गाजर असे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि पाच मिनिटांनी विचारले. हे म्हणाले, "टोपी आणि चावी देतो. तिसरा राखून ठेवलाय, म्हणजे तुम्ही परत याल." बाई खळखळून हसल्या.

"रात्री झोप लागते ना?"

"मला लागते. हिला नाही लागत. ही बिचारी फार विसरायला लागलीय. मीच बघतो सगळं."

'ही' म्हणाले. दोन वर्षं मी नुसती 'ओ बाई' होते. इतकं बरं वाटलं मला, मूर्खासारखं, की डोळे भरून आले. नेमकं तेव्हाच मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांपासून बटणांपर्यंत पाहिलं.

"काकू, तुम्हालाही विचारू का थोडं? वार कोणता?"

"मंगळवार." गुरुवार निघाला. तीन रात्री जागलेल्या बाईला कसला वार आणि कसलं काय. शब्दांपैकी एकटं गाजर आठवलं, कारण माझं सगळं लक्ष ह्यांच्याकडे.

"गेल्या महिन्यात पडलात ना?"

"पडले नाही. ह्यांनी ढकललं."

त्यांनी फाईल उलटली. "इथे घसरलात असं आहे. तुम्हीच सांगितलेलं."

"खोटं सांगितलं होतं."

"बरं, बरं," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो 'बरं' मी ओळखते. दिवसातून वीस वेळा मी ह्यांना तसंच म्हणते.

मग मी सगळं ओकले. गॅस, चिठ्ठ्या, चादरी. बाईंनी उठून स्वयंपाकघर पाहिलं, बिछाने पाहिले. सगळं लख्ख. मी बोलत गेले तशी आणखी रुतत गेले. बाईंनी लेकाला फोन लावला. तो आधी वडिलांशी बोलला, मग मला म्हणाला, "आई, बाबा ठणठणीत आहेत गं. तू जरा आराम कर."

खाट त्याच दिवशी घ्यायला हवी होती. मागे चार जण रांगेत होते. डॉक्टर पंधरा दिवसांनी तपासणार, तोवर मला वर निरीक्षणाखाली ठेवणार. नवरा म्हणून ह्यांनी कागदावर झोकात सही केली. मी आरडाओरडा केला असता, पण वर ओरडणाऱ्यांचं काय लिहितात ते मला ठाऊक आहे.

दुपारी मला चौथ्या मजल्यावर नेलं. स्वच्छ चादर, खिडकी, शांतता. पाठ टेकली आणि मला झोप लागली. हे खाली एकटे, आणि मी दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मेल्यासारखी झोपले. ही लाज माझ्यासोबतच जाईल.

उठले ती थेट दाराशी गेले. नर्सला हात जोडले. "खाली माझा माणूस एकटा आहे. त्याला आग कळत नाही, पाणी कळत नाही."

"असं काय करता, काकू," ती म्हणाली. तिने चहा निववून माझ्या हातात दिला आणि गाऊनची बटणं नीट लावली. "तुमची काळजी तर तेच घेतात ना?"