दाराबाहेरचे सर

जिन्याखालच्या खोलीत बाई अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांना वाचायला शिकवत. लहानपणी त्यांच्याही डोळ्यांपुढे अक्षरं जागेवर थांबत नसत. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना भर वर्गात बाकावर उभं केलं होतं. "घरी पोटभर गिळतेस ना? मग वाचताना दातखीळ का बसते? ढ कुठली!" वर्ग खदखदून हसला. शाळा सोडेपर्यंत मग त्यांचं नाव 'ढ'च राहिलं.

तेच सर एका सकाळी नातीचं बोट धरून दारात आले. केस पिकले होते, ताठा तसाच. त्यांनी बाईंना ओळखलं नाही. बाईंनी मात्र आवाजावरूनच ओळखलं, आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

"बोलते चुरूचुरू हो," सर म्हणाले, "पण पुस्तक उघडलं की रडते. आळस, दुसरं काय!"

"शनिवारी पालकांची बैठक आहे. तुम्ही जरूर या," बाई गोडीत म्हणाल्या.

मुलांना काय दिसतं ते कळावं म्हणून बैठकीत त्या एका पालकाला मुद्दाम उलटसुलट छापलेला उतारा वाचायला देत आणि दोन ओळींत थांबवत. त्या शनिवारी त्यांनी सरांना पुढे बोलावलं. थांबवलं मात्र नाही.

सर अडखळले. चष्मा पुसला. "छपाई चुकलीय."

"वाचा."

त्यांचे कान लाल झाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"घरी पोटभर गिळता ना?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मग वाचताना दातखीळ का बसते?"

सरांनी मान वर केली, बाईंकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

बैठक संपल्यावर ते मागे राहिले. "पोरी, चुकलं माझं. माफ कर."

"नाही करणार." इतक्या वर्षांची ठसठस निवाली होती, आणि बाईंना त्याची तिळभरही लाज वाटली नाही. "नातीला शिकवीन, जीव लावून शिकवीन. पण रोज तुम्हीच तिला आणायचं, आणि तास संपेपर्यंत दाराबाहेर थांबायचं."

सर रोज आले. रोज थांबले. येणारेजाणारे बघत, कुजबुजत.

परीक्षेच्या आधी नातीने एक धडा अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचला. बाहेरून हुंदका ऐकू आला. बाईंनी उठून दार घट्ट लावून घेतलं.

"शाब्बास गं माझी वाघीण," त्या पोरीला म्हणाल्या. "उलट पान."