तिसरं कोटेशन

"तुझ्या दारावरची नवी पाटी वाचली बरं का," डायलिसिसच्या खाटेवरून ताई म्हणाली. "प्रोक्युअरमेंट! खरेदी विभागच राहू दिला असता तर काय कुणी सामान द्यायचं थांबलं असतं?"

तो हसला. सव्वीस वर्षं तो या इस्पितळात खरेदीचा कारकून होता. कापूस, सुया, खाटांची चाकं, काहीही आणायचं तर कागद त्याच्या टेबलावरून जायचा. तीन कोटेशनं जोडल्याशिवाय तो फाइल हलू देत नसे, म्हणून सगळे त्याला 'तीनकोटे' म्हणत. बायकोसुद्धा तीन स्थळं बघूनच केली असेल, अशी थट्टा व्हायची.

"अर्थ तरी माहीत आहे का त्या शब्दाचा?" ताईनं विचारलं. ती इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं.

"वस्तू मिळवणं. दुसरं काय?"

"ते आत्ताचं. मूळ लॅटिन. प्रो म्हणजे कुणाच्या तरी वतीनं, क्युरा म्हणजे काळजी. दुसऱ्याच्या वतीनं काळजी वाहणं. मग कारभार बघणं आणि होता होता नुसतं मिळवणं. धंद्यासाठी बायका पुरवणाऱ्यालाही याच शब्दावरून नाव पडलं."

"म्हणजे साहेबांनी आमच्या दारावर शिवीच टांगली म्हणायची!"

ताई खोकला येईपर्यंत हसली.

त्याच आठवड्यात डायलिसिसच्या दोनपैकी एका यंत्राचा पंप बंद पडला. सगळ्यांच्या पाळ्या आठवड्याला तीनवरून दोनवर आल्या. पंप पुरवणारे दोघेच होते. दोघांची कोटेशनं त्यानं एका दिवसात मागवली, फाइल स्वतः साहेबांकडे नेली.

"तिसरं कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"तिसरा पुरवठादारच नाही, साहेब."

"तसं वर लिहून परवानगी मागवा. सव्वीस वर्षं तुम्हीच आम्हाला नियम शिकवलात, आता मी काय सांगू?"

त्यानं लिहून पाठवलं. उत्तर येईना. मग एका पुरवठादाराचा फोन आला. "तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता. माझ्या मेव्हण्याचं लेटरहेड आहे. जास्तीचा भाव टाकून देतो. झाली तीन. परवा पंप तुमच्या दारात."

"खोटा कागद माझ्या हातून जायचा नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. छाती थोडी फुगली होती.

संध्याकाळी त्यानं ताईला हे सांगितलं. तिचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली. मग छताकडे बघत विचारलं, "किती दिवस लागतील रे?"

"येईल आता. आठवडाभरात."

पंप बंद पडल्याच्या बाराव्या दिवशी, पाळीची वाट बघत असताना ताई गेली. फुप्फुसांत पाणी झालं होतं. परवानगीचं पत्र तिच्या दहाव्यानंतर आलं. पंप आणखी चार दिवसांनी.

खोकं घेऊन तो स्वतःच वॉर्डात गेला. तंत्रज्ञानं पंप बसवला, बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. खाटेवर एक म्हातारी होती. तिनं हात पुढे केला, नर्सनं सुई टोचली.

"इतके दिवस का हो लागले याला?" म्हातारीनं विचारलं.

"कागद अडकला होता," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझ्याकडे होता."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिनं डोळे मिटून घेतले.

"जरा बाजूला होता का? वारा अडतोय," ती म्हणाली.

तो बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.